गाऱ्हाण्यातलं माझ्या पोरीचं नाव

माझं नाव सुगंधा, पन पूर्णगडात येऊन सुगंधा कुठं ऱ्हाते असं विचाराल तर चार जनं चार दिशेला पाठवतील, दर्शूची आवस म्हना, मग कोन पन आनून दारात सोडील. माहेर माझं खाडीच्या पल्याड, गावखडीला, हितं जेटीवर उभी ऱ्हायले की माहेरचे माड दिसतात, तर आमच्या सासूबाय मला चिडवायच्या, हिला माहेराला जायला नको, नुसती मान वळवली की माहेर. बापूस होडीवर जायचा, आवस पाटी डोकीवर घेऊन गावोगाव म्हावरं विकायची, मी सातवी झाले नि तिच्या मागनं पाटी घेऊन हिंडायला लागले, तेच आजपर्यंत चाललंय, फक्त आता पाटी डोकीवर नाय, रिक्षात. पावसच्या बाजारात माझी जागा ठरलेली हाय. गिऱ्हाईकानं बांगडा उलटापालटा करून नाक मुरडलं की माझं तोंड सुटतं, अख्खा बाजार घाबरतो माझ्या तोंडाला. पन काय सांगू तुमाला ताई, एका गोष्टीत हे तोंड चौदा वर्षं उघडलं नाय, आनि उघडलं तवा व्हय बोलायला उघडलं. तेच मला सांगायचं हाय, तुमी लिवून घ्या.

दर्शना माझी एकुलती. लग्नाला चार वर्षं झाली तवा झाली, गुटगुटीत, काळेभोर डोळे, शेजारनी बोलायच्या सुगंधे काजळ लाव गो, दृष्ट लागंल. आंघोळीला रडायची नाय, पन डोकीला टोपडं बांधलं की घर डोक्यावर घ्यायची. हाक मारली तर बघायची नाय. मला वाटलं बहिरी हाय की काय, मी मागनं जाऊन थाळा वाजवला तर कान धरून अशी किंचाळली की मीच घाबरले. दर्शूचे पप्पा हितल्याच एका होडीवर खलाशी, तर त्यांच्या होडीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी वाजलं की ही हातातलं टाकून दारात जाऊन उभी, आनि दुसऱ्या धा होड्या गेल्या तरी जागची हलनार नाय. म्हंजे ऐकू तर येत होतं, आमच्यापेक्षा जास्तच येत होतं.

तीन वर्षांची झाली तरी शब्द नाय. मग एक दिवस बोलली, आनि काय बोलली ठाऊक हाय? पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय. अगदी एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात! आदल्या दिवशी तिला घेऊन मी रत्नागिरीला गेले होते ना, तिथनं उचललेलं. मी हसले नि हसता हसता रडले, माझ्या पोरीचा पयला शब्द आये नाय, बाबा नाय, पुढं सरका. तवापासनं तिचं असंच, कोनाचं तरी वाक्य कोनाच्या तरी आवाजात. भूक लागली की माझ्या आवाजात, दर्शू जेवतेस काय गो? कंटाळली, भायेर जायचं असलं की पुढं सरका. मला सारं कळायचं. कळायचं ते फक्त घरात, भायेर लोकांना वाटायचं पोपट बोलतोय.

आता लोक काय काय बोलले ते पन सांगते. पयलं बोलले मुकी. तर लोक तिच्याशी बोलायचेच बंद झाले, मुकीशी काय बोलायचं. मग बोलायला लागली तर खुळी झाली, नि खुळी म्हटल्यावर पोरं येऊन वेनी ओढायची, खुळीला काय कळतंय. आमच्या सासूबाय मायेच्या, त्या बोलायच्या देवाचं मानूस हाय ते, तिला काय बोलू नका. ते ऐकून बायका बाजाराला जाताना तिला हात जोडायच्या, पन हळदीकुंकवाला बोलावताना सुगंधे तू एकटी ये हां, असं. देवाची म्हनून नमस्कार नि देवाची म्हनून पंगतीतनं भायेर. शाळेत घातली तर तिथं गतिमंद झाली, दुसऱ्या बाई आल्या त्यांनी मतिमंद केली, मग कोन साहेब येऊन गेले नि विशेष झाली. मला बरं वाटलं, विशेष म्हंजे कायतरी चांगलं असंल. तर विशेष म्हंजे वर्गाच्या मागं दाराजवळ बसायला वेगळी चटई. नाव नवीन यायचं नि जागा तीच. चौथीनंतर मी तिला आनली बाजारात माझ्या शेजारी बसवायला, निदान माझ्या नजरेसमोर ऱ्हाते.

पन गावाला नावं ठेवून काय उपेग, मी तरी कोन शानी होते?

आमच्याकडं शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते, तुमाला ठाऊक असंल. अंगन सारवायचं, रांगोळी घालायची, पालखी अंगनात आली की ओटी भरायची, मग गुरव गाऱ्हानं घालतो. त्या घरातलं जे काय दुखनंखुपनं असंल ते सगळं गाव उभं असताना देवाला सांगायचं, कोनाला पोर नाय, कोनाची होडी लागत नाय, आनि दर वाक्याला सगळ्यांनी व्हय म्हाराजा बोलायचं. सगळ्या गावानं व्हय म्हटलं की ते देवापर्यंत पोचतं अशी आमची समजूत. तर दर्शू तीन वर्षांची होती तवा मीच, माझ्या ह्या तोंडानं, गुरवकाकांना सांगितलं, काका, माझ्या पोरीचं गाऱ्हानं घाला. त्यांनी घातलं. बा म्हाराजा, ह्या लेकीच्या पोटची ही पोर खुळी हाय, तिच्या आंगात काय इडापिडा शिरली असंल ती भायेर काढ, तिचा खुळेपना खाडीपार कर, तिला चारचौघींसारखी शानी कर, व्हय म्हाराजा. आनि सगळ्यात मोठ्यानं व्हय कोन बोलायचं, तर मी. डोळ्याला पदर लावून. असे चौदा शिमगे. दर साली तेच शब्द, काकांचे पाठ झालेले. ढोल वाजायला लागले की दर्शूला त्रास व्हायचा म्हनून मी तिला आतल्या खोलीत बसवायची, दार ओढून घ्यायची. मला वाटायचं आत हाय, तिला काय कळतंय.

ती सोळा वर्षांची झाली तवा अंगनवाडीच्या बाई बोलल्या, सुगंधाताई, एकदा रत्नागिरीला दाखवा, दाखला मिळाला तर तिला पुढं उपेग हुईल. दिवाळी झाल्यावर गेलो. डॉक्टरीन तरनीच होती, केस बारीक कापलेले. तिनं दर्शूला काय तपासलं नाय की सुई नाय, नुसती खाली फरशीवर तिच्या बाजूला बसली नि दर्शूनं टेबलावरची पेनं एका बाजूला तोंड करून लावली ती बघत ऱ्हायली. दोन-तीनदा बोलावलं, मग सांगितलं, ऑटिझम आहे. मी विचारलं, ते किती दिवसात जातं? ती बोलली, ते आलेलं नाही, त्यामुळे जाणारही नाही, ती जन्मापासून अशीच आहे, तिचं मन या रीतीनं चालतं, आपण ती रीत शिकून घ्यायची. मी बोलले, पन मग औषध? तर बोलली, ताई, हा आजार नाहीये. मला रागच आला खरं सांगू, एवढ्या लांब येऊन औषध पन नाय.

आनि मराठीत ह्याला काय बोलतात विचारलं तर बोलली स्वमग्न. म्हंजे आपल्यातच रमलेली. मी बोलले, बाई, तुमी शिकलेल्या हायत, पन हे नाव काय मला पटत नाय. माझी पोर पप्पांची होडी मैलावरनं वळखते, मला डोकं दुखतंय हे मी बोलायच्या आधी तिला कळतं, बाम आनून माझ्या मांडीवर टाकते, ती कसली आपल्यातच? ती हसली. बोलली, तुमचं खरं आहे, मोठी झालेली काही अशी माणसं स्वतःच सांगतात की हा शब्द आम्हाला आवडत नाही. मग तिथनं कागद करायला दुसऱ्या टेबलाशी गेलो, तिथल्या कारकुनानं लिवलं ऑटिझमग्रस्त. मी विचारलं, ग्रस्त म्हंजे वो? वादळात आमची कौलं उडाली तवा पंचनाम्यात आमाला वादळग्रस्त लिवलं होतं, तर हिच्यावर काय पडलं? तो वैतागला, बोलला मावशे, असंच लिहितात. डॉक्टरीन मागं उभी होती, तिनं ते खोडायला लावलं.

निघताना तिनं मला एक सांगितलं, ते मी पदराला बांधून आनलं. बोलली, ती दुसऱ्यांची वाक्यं बोलते ना, ती नुसती नक्कल समजू नका, कोणतं वाक्य ती कधी बोलते ते बघत जा, तीच तिची भाषा आहे. मी मनात बोलले, हे तू मला काय सांगतेस, पुढं सरका म्हंजे काय ते मला ठाऊक हाय. फुशारकी हो माझी, दुसरं काय.

गावात आले तर बायका विचारायला, काय निघालं गो? मी बोलले आटिजम. एक बोलली, आगे बाय, लागन व्हते काय त्याची? दुसरी बोलली, मग खुळी नाय ना, खुळी नाय तर बरं झालं. दर्शूच्या पप्पांना सांगितलं तर ते जाळं तुनत होते, दोन गाठी मारल्या, मग बोलले, म्हंजे आपलं काय चुकलं नव्हतं? मी बोलले नाय. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं नि डोळे पुसले. एवढी वर्षं तो मानूस मनात काय घेऊन दर्यात जात होता ते मला त्या दिवशी कळलं.

आता ऐका. पौषातली गोष्ट. सकाळी बाजारात बसलेलो, मी नि दर्शू. वाटे लावायचं काम तिचं, बांगड्याचा वाटा, सौंदाळ्याचा वाटा, सगळी तोंडं एका बाजूला, एक शेपूट वाकडी नाय, लोक लांबनं बघून बोलतात ही सुगंधाची पाटी. तर त्या दिवशी तिच्या हातनं एक बांगडा निसटून खाली मातीत पडला. एवढंच. कोन काय बोललं नाय, गिऱ्हाईक पन नव्हतं. पन तिनं कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा, नि बोलायला लागली. गुरवकाकांच्या आवाजात. बा म्हाराजा, ही पोर खुळी हाय, तिचा खुळेपना खाडीपार कर, तिला शानी कर. आनि मग, ताई, मग माझ्या आवाजात, पदराआडनं रडतानाचा माझा आवाज जसाच्या तसा, व्हय म्हाराजा.

माझ्या हातातला कोयता खाली पडला. चौदा वर्षं ती दाराआड बसून ऐकत होती. तिला ठाऊक होतं ते कोनाचं गाऱ्हानं हाय. तिच्या हातनं चुकलं की बोलायचं ते वाक्य हे, असं तिनं ठरवलं होतं, आनि मागं जाऊन आठवलं तर ती आधी पन पुटपुटायची, कप फुटला की, दूध सांडलं की, मी लक्षच दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी तिला खुळी म्हटलं ते मी भांडून परतवलं असतं, पन सगळ्या गावादेखत देवासमोर व्हय बोललेली मी तिची आवस. मी तो बांगडा उचलला, धुतला, तिच्या हातात दिला, आनि बाजारात बसून अशी रडले की शेजारच्या बायका बोलल्या हिच्या माहेरचं कोन गेलं.

दुसऱ्या दिवशी गुरवकाकांकडं गेले. बोलले, काका, औंदा माझ्या पोरीला खुळी बोलायचं नाय. काका बोलले, मग काय बोलू? मी बोलले आटिजम. काका हसले नाय, मानूस भला हाय, सत्तरीचा हाय, बोलले, गो सुगंधे, मला बोलायला येत नाय तर देवाला कसं कळनार? आनि दुसरं असं की गाऱ्हान्यात कायतरी मागायला लागतं. तू बोलतेस ते जानार नाय, काढायचं पन नाय, मग मागू काय? नुसतं सांगून गप बसलो तर ते गाऱ्हानं नाय झालं. हे शब्द माझ्या बापाचे हायत, आज्याचे हायत, मी कसे बदलू? मी बोलले, ते मला ठाऊक नाय, पन तिला खुळी म्हटलंत तर मी व्हय बोलनार नाय, आनि अंगनात घरची बायच व्हय बोलली नाय तर बघा कसं दिसंल. काका बोलले, धमकी देतेस काय? मी बोलले, नाय काका, पाया पडते. आनि ढोल पन वाईच लांब थांबवा. त्यावर मात्र काकांच्या पडवीत बसलेली ढोलकरी पोरं भडकली, ढोलाशिवाय कसली पालखी. काका बोलले बघू, एवढंच.

शिमगा येईपर्यंत मला अन्न गोड लागेना. दर्शूला विचारलं, गो बाय, तुला काय बोलायचं सांग, देवाला काय सांगू? ती माझ्या हनवटीला हात लावून बोलली, दर्शू जेवतेस काय गो? भूक तिला नव्हती, जेवत मी नव्हते.

पालखीचा दिवस. सकाळी धाच्या सुमाराला ढोल ऐकू आले, जवळ आले, आनि आमच्या कोपऱ्यावरच्या माडाशी येऊन थांबले. मला खरंच वाटेना. पालखी तशीच आत आली, नुसत्या पायांचा आवाज. मी आतल्या खोलीचं दार उघडलं नि सांगितलं, बाय, यायचं असलं तर ये, नको तर नको. ती आली. दोनी हात कानावर, पन आली, खांबाला टेकून उभी ऱ्हायली. गावातल्या कितीतरी लोकांनी तिला शिमग्यात पयल्यांदा बघितलं असंल.

ओटी भरली. काकांनी नारळ हातात धरला नि सुरुवात केली. बा म्हाराजा, ह्या लेकीच्या पोटची ही पोर खु... तोंडात बसलेलं हो, चौदा वर्षांचं. पन थांबले. दर्शूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी दोन महिने मनात जुळवलेलं एक पन वाक्य आठवेना. मी एवढंच बोलले, काका, नाव घ्या तिचं. काकांनी नारळ नीट धरला, मग सावकाश बोलले, ही दर्शना हाय म्हाराजा. नुसतं नाव, नि त्यावर व्हय बोलायचं की नाय ते कोनाला समजेना. मग काका पुढं बोलले, तू घडवलीस तशी ती हाय, तुझी चूक काय नाय नि तिची पन काय नाय. आमाला इतकी वर्सं वळखता आली नाय. तर आता शानपना दे तो आमाला दे, तिच्या रीतीनं वागायची अक्कल ह्या वाडीला दे, नि तिच्या वाटेत जो काय अडथळा असंल तो खाडीपार कर.

शब्द सगळे जुनेच, फक्त त्यांनी ते तिच्यावरनं उचलून आमच्यावर ठेवले. आनि लोक बघत ऱ्हायले एकमेकांकडं. बरोबर हाय, दुसऱ्याच्या खुळेपनाला व्हय बोलायला सोपं, स्वतःच्या कसं बोलायचं? मी पन दर्शूच्या पप्पांकडं बघितलं. तवा खांबाशी कोनतरी बोललं, व्हय म्हाराजा. बारीक, घोगरा आवाज. काकांचा नाय, माझा नाय, कंडक्टरचा नाय. त्या आधी मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. सतरा वर्षं पोटाशी धरलेल्या पोरीचा आवाज मी त्या दिवशी पयल्यांदा ऐकला. मग दर्शूचे पप्पा बोलले, मग सगळी वाडी बोलली, माडाखाली थांबलेली ती भडकलेली ढोलकरी पोरं पन बोलली.

असं नाय हो की दुसऱ्या दिवसापासनं सगळं गाव शानं झालं. अजून कोन कोन बोलतं खुळी, मग मी हाय आनि माझं तोंड हाय. तोंडं एका बाजूला लावलेले बांगडे गिऱ्हाईकानं विस्कटले की दर्शू अजून ओरडते, मी गिऱ्हाईकालाच सांगते, बोट दाखव, हात लावू नको, ही तिची रीत हाय. हळदीकुंकवाला आता सुगंधे, दर्शूला घेऊन ये असं दोन घरं तरी बोलतात. त्यानंतर आनखी दोन शिमगे झाले, ढोल माडाशीच थांबतात, आता कोनाला सांगायला लागत नाय. तो दाखल्याचा कागद मी डब्यात जपून ठेवलाय, त्याचा उपेग हाय, त्या शब्दानंच मला वाट दाखवली, मी नाय म्हनत नाय. पन कागदाचं नाव कागदापुरतं. मी मेल्यावर हिचं कसं हुईल, हा घोर हाय, तो काय कुठल्या नावानं जानार नाय, कुठल्या आवशीला नसतो? देवी बघंल, वाडी बघंल.

आता काल काय झालं ते सांगते नि थांबते, तुमची चाय थंड झाली. काल हिच्या हातनं बरनी फुटली, लोनच्याची. मी आतनं धावले, मला वाटलं आता कपाळावर हात मारील, जुनं गाऱ्हानं सुरू करील. ती काचांकडं बघत उभी होती. हात उचलला, मग खाली घेतला, आनि बोलली, काकांच्या आवाजात, ही दर्शना हाय म्हाराजा, चूक काय नाय. नि मग माझ्याकडं बघत ऱ्हायली, डोळ्यात डोळे घालून ती कधी बघत नाय, पन बघत ऱ्हायली, मी काय बोलते म्हनून.

मी तिथंच काचांत उभी ऱ्हाऊन बोलले, व्हय म्हाराजा. तुमचं पन भलं होवो ताई, पोराबाळांत सुखी ऱ्हा. आनि हे लिवाल तवा वर माझं नाव नसलं तरी चालंल, तिचं लिवा.